आधी बोकड तपासा, आणि रिपोर्ट आमच्या हातात द्या: कोकण कन्याळ शेळीसाठी एक खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. व्यवस्थापकीय संचालक, पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ, पुणे
आणि विद्यापीठांत, व्हेटर्नरी कॉलेजांत शेळीच्या डीएनएवर काम करणारे सगळे सर आणि मॅडम

स. न. वि. वि.

मुद्द्यावरच येतो, कारण तुमच्याकडे पत्रांचा ढीग असतो आणि माझ्याकडे संध्याकाळी शेळ्या घरी आल्या की वेळ नसतो. कोकण कन्याळच्या डीएनएवर जो काही अभ्यास होईल, ज्या काही संवर्धनाच्या योजना निघतील, त्यात आधी बोकडाचं रक्त घ्या, शेळीचं नंतर. आणि जो रिपोर्ट येईल तो पेपरात छापायच्या आधी ज्याचा बोकड आहे त्याच्या हातात मराठीत द्या, तेही पुढच्या माजाच्या आत. बस, एवढंच सांगायचंय, बाकी सगळं पत्र हे का म्हणतोय त्याच्यासाठी आहे.

मी सायंटिस्ट नाही. कुडाळ तालुक्यात शेळ्या पाळतो, बारावी सायन्स झालेलं, मोबाईलवर मिळेल ते वाचतो आणि जे कळत नाही ते आमच्या डॉक्टरांना विचारून त्यांचं डोकं खातो. त्यामुळे काही ठिकाणी भाषा गावठी वाटेल, चालवून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्राच्या चार शेळ्या कर्नालच्या एनबीएजीआरकडे, म्हणजे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे, जात म्हणून नोंदलेल्या आहेत. मराठवाड्याची उस्मानाबादी, नाशिक-नगर-पुण्याकडची संगमनेरी, विदर्भातली बेरारी आणि आमच्या सिंधुदुर्गाची कोकण कन्याळ. (जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी शेळी अजून उस्मानाबादीच आहे, तिला कोणी विचारलेलं नाही.) उस्मानाबादी सगळ्या राज्याला माहीत, यूट्यूबवर तिचे व्हिडिओ बघून बघून लोक पुण्या-मुंबईची नोकरी सोडतात. कन्याळ सिंधुदुर्गाबाहेर कोणी ओळखत नाही. काळं अंग, तोंडावर दोन्ही बाजूंनी नाकपुडीपासून कानापर्यंत जाणारे पांढरे पट्टे, लांब कान आणि कानाची कड पांढरी. दिसायला देखणी आहेच, पण तिची खरी किंमत जून ते सप्टेंबर कळते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, चार महिने गोठा ओला, चारा ओला, अंगावरचे केस ओले, त्यात जंत, खुरं सडणं, खोकला. घाटावरून मोठ्या हौसेने आणलेली धिप्पाड शेळी पहिल्या पावसाळ्यात अर्धी होते आणि दुसऱ्यात बऱ्याचदा नसतेच. कन्याळ हे सगळं पिढ्यानपिढ्या सोसत आलीय आणि वर करडं पण वाढवते. हे जे काही तिच्या अंगात आहे ते नुसत्या पांढऱ्या पट्ट्यात नाही ना, ते रक्तात कुठेतरी आहे, आणि ते नेमकं कुठे आहे हे शोधायच्या आधीच ते पातळ होऊन जाईल अशी भीती आहे म्हणून हे पत्र.

पातळ कसं होतं ते सांगतो. 2019 च्या पशुगणनेत राज्यात एक कोटीच्या वर शेळ्या निघाल्या, आधीच्या गणनेपेक्षा पंचवीस टक्क्यांनी जास्त. म्हणजे शेळी संपत नाहीये, उलट वाढतेय, आणि त्यामुळेच कुणाला काळजी वाटत नाही. पण शेळी वाढणं वेगळं आणि कन्याळ वाढणं वेगळं. आमच्या आजूबाजूला होतं काय की गावात कोणीतरी शिरोही नाहीतर बीटल नाहीतर बोअर क्रॉस बोकड आणतो, ईदला वजनावर पैसे मिळतात म्हणून, आणि त्याची काही चूक नाही, पोटाचा प्रश्न आहे. मग त्या बोकडाला वाडीतल्या सगळ्यांच्या शेळ्या फळवून घेतात. पहिल्या पिढीत करडू अर्धं कोकणातलं अर्धं बाहेरचं. त्या करडातली पाठ, म्हणजे तरुण मादी, आठ-दहा महिन्यांत माजावर येते, गाभण राहून पाच महिन्यांत विते, तोवर दुसरा बाहेरचा बोकड आलेला असतो, आता पाव उरलं. तिसऱ्या पिढीला साडेबारा टक्के. आणि शेळीच्या तीन पिढ्या म्हणजे काय, पाचेक वर्षं फक्त. एवढ्या वेळात आपल्याकडे रस्त्याचं टेंडर पण निघत नाही.

दुसरं म्हणजे जो कन्याळ बोकड चांगला असतो, लवकर भरतो, तुकतुकीत दिसतो, तोच पहिला विकला जातो. ईदला म्हणा, जत्रेला म्हणा, देवाला म्हणा. मागे राहतो तो बारका, ज्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, आणि मग तोच वर्षभर सगळ्या शेळ्या फळवतो. म्हणजे दरवर्षी आपण सगळ्यात भारी बोकड कापतोय आणि सगळ्यात सामान्य बोकडाकडून पुढची पिढी काढतोय. एक शेळी आयुष्यात जेवढी करडं देईल त्यापेक्षा जास्त एक बोकड एका हंगामात देतो. मग तपासणीचा पैसा कमी असेल तर तो कुठे खर्च करायचा हे सांगायला जिनॉमिक्सचा प्रोफेसर लागत नाही.

आता डीएनएकडे येतो. वाचताना मला एक गोष्ट सगळ्यात जास्त खटकली. बरेच अभ्यास मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर होतात. तो फक्त आईकडून येतो, आईला तिच्या आईकडून, असा मागे मागे. त्यातून जगातल्या शेळ्या कुठून कुठे गेल्या हा इतिहास छान कळतो, त्यात वाद नाही. पण आमच्या प्रॉब्लेमसाठी तो जवळजवळ आंधळा आहे बघा! वर सांगितलं त्या तिसऱ्या पिढीच्या करडाचं मायटोकॉन्ड्रिया शंभर टक्के कोकणातलंच निघणार, कारण आई, आजी, पणजी सगळ्या इथल्याच, बदलले ते बोकड. म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के बाहेरचं रक्त असलेल्या जनावराचा रिपोर्ट येईल की स्थानिक वंशावळ शाबूत आहे. बापाकडची गोष्ट बघायची तर वाय क्रोमोसोम बघावा लागतो, तो बोकडाकडून बोकडालाच जातो. आणि एकूण मिसळ किती झाली ते बघायला सगळ्या क्रोमोसोमवरचे मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या ओळखीच्या खुणा, लागतात, शेळीचे साठ क्रोमोसोम म्हणजे तीस जोड्या आहेत, त्या सगळीकडून थोडं थोडं. पूर्वी त्यासाठी मायक्रोसॅटेलाइट नावाचे मार्कर वापरायचे, एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने, तीस मार्करची यादीच करून दिली होती, आता एसएनपी चिप आहेत, म्हणजे डीएनएतले एकेका अक्षराचे हजारो फरक एकदम तपासणारी टेस्ट. तर विनंती अशी की कन्याळवर पुढचा प्रोजेक्ट मंजूर करताना हे तिन्ही आहे का ते बघा, नुसती आईची बाजू बघून सगळं ठीक आहे असं छापू नका.

चिपचं पण एक आहे. जगभर जी शेळीची पन्नास हजारी चिप वापरली जाते ती 2014 च्या सुमाराला आली, आणि ती बनवताना मार्कर निवडले ते अल्पाइन, सानेन, बोअर, सवाना, क्रिओल आणि काटजंग या शेळ्यांवरून. यात भारतातली एकही नाही. म्हणजे त्या शेळ्यांमध्ये जिथे जिथे फरक दिसतो तेवढ्याच जागा ती चिप तपासते. आमच्या कन्याळमध्ये जे वेगळं आहे, जे दुसऱ्या कुणाकडे नाही, तिथे चिपवर जागाच नसेल तर ते दिसणार कसं? हे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा घालून बघायचा आणि म्हणायचं तुझंच अंग बारीक. कन्याळमध्ये विविधता कमी आहे असा रिझल्ट आला तर ती खरंच कमी आहे की चिपला दिसली नाही, हा प्रश्न विचारणारा माणूस कमिटीवर असावा. निदान थोड्या जनावरांचं तरी पूर्ण जिनोम सिक्वेन्सिंग करा, म्हणजे सगळा डीएनए अक्षर न् अक्षर वाचा, खर्चिक आहे मान्य, पण मग त्यावरून आपले मार्कर आपल्याला निवडता येतील.

5 ऑक्टोबर 2024 ला वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला पंतप्रधानांच्या हस्ते गौचिप आणि महिषचिपचं लोकार्पण झालं, आमच्याच राज्यात. गायीसाठी एक, म्हशीसाठी एक. छानच झालं, पण शेळीची चिप त्यात नव्हती, आणि ज्या घराला गाय परवडत नाही तिथे शेळी असते हे भाषणात सगळेच म्हणतात. शेळीची देशी चिप ज्या दिवशी होईल किंवा होत असेल, तिच्यात कन्याळ, बेरारी, संगमनेरी या तिघींचे नमुने आहेत का हे महाराष्ट्राने आत्ताच मागून घेतलं पाहिजे. मागून वर्गणी दिली तर पावतीवर नाव येत नाही.

जाता जाता एक गंमत. जगातल्या शेळ्यांचा डीएनए ज्या एका नमुन्याशी लावून बघतात, तो 2017 चा रेफरन्स जिनोम, तो अमेरिकेतल्या एका बोकडाचा आहे आणि त्या बोकडाचं नाव आहे पापडम! खोटं नाही सांगत. सान क्लेमेंटे नावाच्या बेटावरची दुर्मिळ जात, थोड्याच शिल्लक राहिलेल्या. आणि त्यालाच का निवडलं तर आपापसात पैदास होऊन होऊन त्याच्या दोन्ही बाजूंचा, म्हणजे आईकडचा आणि बापाकडचा, डीएनए इतका सारखा झाला होता की कॉम्प्युटरला जोडायला सोपा गेला. सायंटिस्ट लोकांना सोपं गेलं ते बरंच झालं, पण आमच्या कन्याळचा बोकड अशा कारणासाठी फेमस होऊ नये एवढंच वाटतं.

आपापसातल्या पैदाशीवरून आता योजनांकडे येतो, इथे जरा नीट वाचा. कळपात खरोखर किती जनावरांचं रक्त पुढे जातंय याचं एक साधं गणित आहे, प्रभावी संख्या म्हणतात त्याला. बोकड गुणिले शेळ्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. तुमची दहा शेळ्या एक बोकड वाली गट योजना घ्या. चार गुणिले दहा चाळीस, भागिले अकरा, उत्तर 3.6. म्हणजे गोठ्यात अकरा जनावरं दिसतात पण रक्ताच्या हिशेबात चारसुद्धा नाहीत. राष्ट्रीय पशुधन अभियानाचं शंभर शेळ्या पाच बोकड घ्या, ज्याला दहा लाखांपर्यंत सबसिडी मिळते. उत्तर 19. एफएओ म्हणतं निदान पन्नास पाहिजे, तरच दर पिढीला आपापसात पैदास एक टक्क्याच्या आसपास राहते. एकोणीसला ती अडीच टक्क्यांच्या वर जाते, साडेतीन-चारला तर बारा-चौदा टक्के! पाचशे शेळ्या पंचवीस बोकड वाला मोठा फार्म पंच्याण्णवला जातो, तो बरा, पण पन्नास लाखांच्या सबसिडीसाठी स्वतःचे तेवढेच घालणारा माणूस कोकणात मला तरी भेटलेला नाही. आणि हे सगळं गणित बोकड एकमेकांचे नातेवाईक नाहीत असं धरून आहे. एकाच फार्मवरून आणलेले पाच बोकड सावत्र भाऊ असले तर काय?

गट योजना बंद करा असं मी म्हणत नाही, कितीतरी घरं तिच्यावर उभी राहिलीत. म्हणणं एवढंच की दहा घरांना दहा गट दिलेत तर ते दहा बोकड वेगवेगळ्या रक्ताचे आहेत ना हे वाटपाच्या आधी डीएनएवरून बघा, आणि दर दोन वर्षांनी ते या वाडीतून त्या वाडीत फिरवायची सोय करा. दहा गट मिळून शंभर शेळ्या दहा बोकड झाले की तेच उत्तर 36 वर जातं, एक रुपयाची जास्त शेळी न घेता. बाप आपल्याच लेकीला फळवतोय ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत असते, पण दुसरा बोकड नाही म्हणून चालतं.

दराचं पण सांगतो. वाटपाच्या योजनेच्या जीआरमध्ये उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळीला 8000 आणि इतर स्थानिक जातीच्या शेळीला 6000 असा दर धरलेला होता, बोकडाला दहा आणि आठ. तुम्ही म्हणाल मोठी शेळी महाग असणारच. बरोबर आहे. पण बाजारात याचा अर्थ असा होतो की काळी शेळी दिसली की ती उस्मानाबादी, भले तिचा जन्म कुठलाही असो, आणि कन्याळ म्हणून विकणाऱ्याचं दोन हजाराचं नुकसान. ज्या सरकारला जात वाचवायचीय त्याच सरकारच्या दरपत्रकात ती इतर मध्ये बसते. कोकणाला स्थानिक हवामानात तग धरणारी जात द्यावी हे तुमच्याच कागदात आहे, मग त्या जातीचा तपासलेला, रिपोर्टवाला बोकड घेणाऱ्याला दर वाढवून द्या ना. चांगल्या बोकडाला ईदच्या बाजारात जे मिळतं त्याच्या जवळ जाईल एवढा दर, म्हणजे तो कापायला जाणार नाही. डीएनए टेस्टवर जेवढा खर्च कराल त्याचा खरा उपयोग तेव्हाच होईल, नाहीतर रिपोर्ट येईपर्यंत बोकडाचं मटण झालेलं असेल, आणि हे मी हसायला लिहीत नाहीये.

रिपोर्टवरून आठवलं. आमच्या भागात मागे एकदा रक्ताचे नमुने नेले होते, कुणी नेले ते इथे महत्त्वाचं नाही, माणसं चांगली होती, चहा पिऊन गेली. जांभळ्या झाकणाच्या नळ्या, बर्फाचा डबा, फोटो, मोजमापं, सगळं शिस्तीत. त्यानंतर काहीच कळलं नाही. कोणाच्या बोकडात काय निघालं, कोणाचा ठेवावा, कोणाचा विकावा, काही नाही. कुठेतरी इंग्रजीत छापून आलं असेल, रंगीबेरंगी पट्ट्यांचं चित्र असतं ना, त्यात आमच्या शेळ्या एक एक बारीक काडी होऊन उभ्या असतील. शेजारची काकी तेव्हाच म्हणाली होती, "रगात कित्याक व्हया, बोकडाची आवस बघ मगे कळता." आणि काकीचं चुकीचं नाही, बोकड निवडताना आई बघायची हे शंभर टक्के बरोबर आहे. पण आईला फळवणारा बोकड कुठला हे काकीला पण ठाऊक नसतं, कारण रानात चार वाड्यांची जनावरं एकत्र चरतात. तिथे डीएनएचा उपयोग आहे. वंशावळीची नोंद लिहायला आमच्याकडे कोणी बसत नाही, पण करडाच्या कानाचा बारीकसा तुकडा किंवा मुळासकट उपटलेले चार केस दिले की बाप कोण ते कळतं. मग कुठल्या बोकडाची करडं पावसाळ्यात जगली हे पहिल्यांदाच कागदावर येईल. मला विचाराल तर सगळ्या जिनॉमिक्समधली आमच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच, नुसती बापाची ओळख.

हे गावपातळीवर होत नाही असं कोणी म्हणू नये, कारण फलटणला झालंय. निंबकर कृषी संशोधन संस्थेने, नारी म्हणतात तिला, सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतला फेक-बी नावाचा जीन आपल्या दख्खनी मेंढीत आणला. जुळी देणारा जीन. ही बारकी मेंढी कितीतरी वर्षांपूर्वी बंगालमधून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेली आणि तिथल्या बुरुला मेरिनो मेंढीत तोच जीन सापडला, 2001 मध्ये तो नेमका कुठला बदल आहे ते पक्कं झालं. फलटणच्या लोकांनी डीएनए टेस्ट करून कुठल्या मेंढ्यात तो आहे, एक प्रत आहे की दोन, हे बघून मेंढे निवडले, नारी सुवर्णा तयार केली आणि ती धनगरांच्या कळपात नेली. म्हणजे लॅबमधला रिपोर्ट ते मेंढपाळाचा वाडा हे अंतर याच राज्यात कापलं गेलंय. तिथे बाहेरचा एक जीन आत आणायचा होता, आमच्याकडे आतलं आहे ते बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढा फरक. पद्धत तीच लागणार, टेस्ट, निवडलेला नर, आणि पाळणाऱ्याला त्यातलं सगळं समजावून सांगणारा माणूस.

नमुने कुठून घेता ते पण महत्त्वाचं आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने निळेलीच्या फार्मवर कन्याळ सांभाळलीय, त्यांचे उपकारच आहेत, पण फार्मवरच्या शेळ्या एकमेकींच्या नात्यातल्या असणार. नियमाप्रमाणे पंचवीस ते चाळीस नात्यात नसलेली जनावरं पाहिजेत, तर ती रस्त्याकडेच्या चार गोठ्यांतून गोळा करू नका. घाटाच्या पायथ्याला धनगरवाडे आहेत, तिथे गाडी जात नाही, तासभर चढून जावं लागतं. बाहेरचा बोकड तिथे उशिरा पोचला किंवा पोचलाच नाही, कारण कोण नेणार वर? जुनं रक्त असलंच तर तिथे असेल. पलीकडे गोव्यात पेडणे, सत्तरीकडे पण बघा, शेळीला सीमा ठाऊक नाही आणि सोयरीक दोन्हीकडे आहे. आणि धनगरवाड्यावरून नमुना घेतलात तर त्या माणसाचं नाव नमुन्याबरोबर राहू द्या, बारा आकडी बिल्ला मारताच ना कानात, त्याच नंबरला डीएनएचा रिपोर्ट जोडा. ज्याने जात राखली त्याला उद्या त्याच्या बोकडाचा वाढीव भाव मिळायचा असेल तर त्याच्याकडे कागद पाहिजे.

आता एक भीती, आणि ही माझ्या एकट्याची नाही. डीएनए आला की शुद्ध-अशुद्धचं भूत येतं. उद्या कोणी साहेब म्हणेल तुझी शेळी ऐंशी टक्केच कन्याळ आहे, तुला योजना नाही. असं कृपया करू नका. शंभर टक्के शुद्ध अशी शेळी नसतेच, आमच्या पण पूर्वजांनी बोटीतून, घाटातून, बाजारातून बोकड आणलेच असणार. उलट फक्त शंभर टक्केवाल्याच धरून बसलात तर मूठभर जनावरं राहतील आणि वरचं गणित परत चारावर येईल. ऐंशी टक्केवाल्या शेळीला चांगला कन्याळ बोकड द्या, तिचं करडू नव्वदला जाईल, तिचा मालक पण आपल्यात राहील. बाहेर आयर्लंडमध्ये मेयो काउंटीत मुलरॅनी नावाच्या गावाच्या डोंगरावर रानटी झालेल्या शेळ्या होत्या, लोकांना वाटायचं भटकी जनावरं आहेत. 2017 मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी म्युझियममधल्या शंभर-शंभर वर्षं जुन्या, पेंढा भरून ठेवलेल्या शेळ्यांचा डीएनए काढून ताडून बघितला तर या शेळ्यांचं नातं त्या जुन्या आयरिश शेळीशी लागलं. तिथे डीएनएने कुणाला यादीतून काढलं नाही, ज्यांना कोणी मोजत नव्हतं त्यांना यादीत घेतलं. आपल्याकडे म्युझियममध्ये कन्याळ नाही, पण जुन्या ढोलांची, डमरूंची, दिमड्यांची कातडी आहेत की देवळांत. त्यातून डीएनए निघेल की नाही मला ठाऊक नाही, कुणीतरी पीएचडीवाल्याने बघायला हरकत नाही. गुरवांना आधी विचारा मात्र.

आणखी एक, गोठवून ठेवण्याबद्दल. महाराष्ट्र जनुक कोश म्हणून प्रकल्प आहे, 2022 मध्ये मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी 172 कोटी 39 लाख मंजूर केले, त्यात देशी पशुधनाचा विषय आहे. त्यातून कन्याळ, बेरारी, संगमनेरीच्या बोकडांच्या रेतमात्रा साठवायला किती पैसे लागतील? फार नाही लागणार. पण साठवायचं ते आत्ता, जिवंत बोकड, तेही वेगवेगळ्या रक्ताचे हातात असताना. स्पेनच्या डोंगरात बुकार्डो नावाची रानशेळी होती, तिची शेवटची मादी 2000 साली मेली. तिच्या पेशी ठेवल्या होत्या, त्यावरून 2003 मध्ये क्लोन जन्माला घातलं, ते फुप्फुसाच्या दोषाने काही मिनिटांतच गेलं. आणि समजा जगलं असतं तरी पेशी मादीच्या, म्हणजे परत मादीच, नर कुठून आणायचा? त्यामुळे नळीत ठेवलंय म्हणजे वाचवलंय असं कोणी समजू नये. नळी हा विमा आहे, आणि विम्यावर आम्ही शेळीवाले किती विश्वास ठेवतो ते क्लेम करून बघा एकदा.

शेवटी जे डीएनएवाल्यांना आवडणार नाही ते पण लिहितो. नुसत्या डीएनएवरून कुठली शेळी पाऊस सोसते ते कळत नाही. त्यासाठी दुसरी बाजू लागते, किती करडं झाली, किती जगली, तीन महिन्यांचं वजन किती, जुलैत किती वेळा जंताचं औषध द्यावं लागलं. ही नोंद असेल तरच डीएनएमधल्या खुणांशी ती लावून बघता येते, नाहीतर पन्नास हजार मार्करचं काय करणार? ही नोंद आमच्याशिवाय कोणी ठेवू शकत नाही आणि फुकट कोणी ठेवणार नाही. एका गावात एक शिकलेली मुलगी किंवा मुलगा धरा, मानधन द्या, वजनकाटा द्या, मोबाईलवर मराठीत भरता येईल असा साधा फॉर्म द्या. पशुसखी, म्हणजे गावातल्या जनावरांची प्राथमिक काळजी बघणाऱ्या बायका, आहेतच बऱ्याच ठिकाणी, त्यांना शिकवा. पशुगणनेत जात ओळखताना मोजणारा माणूस डोळ्याने बघूनच लिहितो, पांढरा पट्टा दिसला की कन्याळ, नाही दिसला की गावठी. आणि शिरोही क्रॉसच्या करडाला पण कधी कधी पट्टा येतो, आम्ही बघतो ना. ते आकडे तपासायला पण हीच मुलं कामाला येतील.

तुमच्याकडून उत्तर आलं नाही तरी आम्ही काही घरं मिळून एक करतोय, आमचे कन्याळ बोकड एकमेकांत बदलायचे आणि निवडलेला बोकड तीन वर्षं तरी विकायचा नाही. पण कुठला बोकड निवडायचा, कुठले दोन एकाच रक्ताचे आहेत, इथे आमचे डोळे संपतात. महामंडळाने किंवा विद्यापीठाने पुढच्या माजाच्या हंगामाआधी एका तालुक्यापुरते, फक्त कुडाळपुरते, सगळे पैदाशीचे बोकड तपासून बघितले तरी चालेल. आकडा काही फार मोठा होणार नाही, बोकड तेवढे उरलेच नाहीत.

आपला,
एक शेळीपालक
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

ता. क.: नमुने घ्यायला याल तेव्हा पावसात येऊ नका, आमच्या वाडीचा साकव पाण्याखाली असतो आणि तुमचा बर्फाचा डबा पलीकडेच राहील. गणपतीत आणि शिमग्यात पण नको, घरात पाहुणे असतात, शेळी धरायला कोणी मोकळं नसतं. दिवाळीनंतर सकाळी सातच्या आत या, आठला शेळ्या रानात जातात.